गुळवेल : लावणे सोपे, ओळखणे महत्त्वाचे

प्रतिनिधी, मुलुंड

मुलुंडच्या पश्चिमेकडील जुन्या सोसायट्यांच्या आवारात एखादे कडुनिंबाचे किंवा आंब्याचे झाड निरखून पाहिले, तर त्याच्या फांद्यांवरून सुतळीसारखे बारीक धागे खाली लोंबताना अनेकदा दिसतात. झाडावर कोणी दोरे टाकले असावेत असे वाटते; पण ती असतात गुळवेलीची हवाई मुळे. डोंगराचा पायथा आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द इतकी जवळ असल्याने या उपनगराला ही वेल नवी नाही. योगी हिल, मुलुंड कॉलनी, वैशालीनगर या भागांत इमारती उभ्या राहण्यापूर्वीच्या झाडोऱ्यातील ती एक रहिवासी आहे. २०२० पर्यंत तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नव्हते. करोनाच्या साथीत मात्र ती एकाएकी घराघरांत पोचली. कोणी बाल्कनीत कुंडी ठेवली, कोणी सोसायटीच्या झाडावरून रोज वीतभर खोड कापून काढा उकळू लागले. साथ ओसरली, तरी कुंड्या राहिल्या आणि काढ्याची सवयही अनेक घरांत राहिली. म्हणूनच ही वेल कशी लावावी यापेक्षा ती नेमकी कोणती वेल आहे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

नावे अनेक, वेल एक

मराठीत गुळवेल किंवा अमृतवेल, हिंदीत गिलोय, संस्कृतात गुडूची. मुलुंडमधील गुजराती कुटुंबे तिला 'गळो' म्हणून ओळखतात, कन्नड भाषक 'अमृतबळ्ळी' म्हणतात, तर तमीळ घरांत 'सीन्दिल' हे नाव आहे. वनस्पतिशास्त्रातील नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. त्यातील 'कॉर्डिफोलिया' म्हणजे हृदयाच्या आकाराची पाने असलेली. नावात गूळ असला तरी चवीत गोडव्याचा अंशही नाही. खोड चांगलेच कडू असते.

संस्कृत नावे ही केवळ स्तुतीची विशेषणे नव्हेत. त्यांत निरीक्षण आहे. 'छिन्नरुहा' म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. झाडावर चढलेल्या गुळवेलीचे खोड बुंध्यापाशी तोडले, तरी वर राहिलेला भाग लगेच मरत नाही. तो हवाई मुळे खाली सोडतो आणि ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी राहते. 'चक्रलक्षणिका' हे दुसरे नाव ओळखीच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. खोड आडवे कापले असता आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, त्यावरून ते पडले. राम-रावण युद्धात मेलेल्या वानरांना इंद्राने अमृत शिंपडून उठवले आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जेथे पडले तेथे ही वेल उगवली, अशी कथा 'भावप्रकाश' या ग्रंथात आहे. चरकसंहितेने गुडूचीचा समावेश मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धीला हितकर द्रव्यांत केला आहे. अमृतारिष्ट, गुडूच्यादि क्वाथ, संशमनी वटी ही आजही औषधी दुकानांत मिळणारी औषधे याच वेलीपासून बनतात.

आयुर्वेदात मुख्यतः खोड औषध म्हणून वापरतात. शार्ङ्गधरसंहितेत जी थोडी द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत असे सांगितले आहे, त्यांत गुडूचीचे नाव आहे. घरी वेल असावी या आग्रहामागे हे एक जुने कारण आहे. बाजारातील वाळलेल्या चुऱ्यापेक्षा दारातील ओली कांडी श्रेष्ठ, ही समजूत त्यातूनच आली.

मुंबईच्या रुग्णालयांतून आलेला इशारा

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांकडे कावीळ झालेले असे सहा रुग्ण आले, ज्यांच्यात नेहमीची कारणे सापडत नव्हती. चौकशीत सर्वांनी गुळवेल घेतल्याचे समोर आले. डॉ. आभा नगराळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची माहिती २०२१ मध्ये यकृतविकारांना वाहिलेल्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटते, त्या 'ऑटोइम्यून हिपॅटायटिस'शी या आजाराचे साधर्म्य होते.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या निष्कर्षाला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती का, याची खातरजमा करण्याची जबाबदारी संशोधकांची होती, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या अन्य वेली आहेत आणि त्यांतील काही अपायकारक असू शकतात, हा मुद्दा त्यातून पुढे आला. वाद तेथे थांबला नाही. २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांमधील ४३ रुग्णांची माहिती एकत्र करणारा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेलीच्या सेवनाने ऑटोइम्यून स्वरूपाचा यकृतदाह होऊ शकतो, किंवा सुप्तावस्थेतील असा आजार उघड होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा एक सूचनापत्र काढले. योग्य मात्रेत घेतलेली गुळवेल सुरक्षित असल्याचे त्यात ठामपणे म्हटले होते. मात्र टिनोस्पोरा क्रिस्पा या भावंडाचा वापर टाळावा आणि वैद्यांच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे, हेही सांगितले होते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे येथे मुद्दाम दिले आहे. कारण घरी वेल लावणाऱ्याला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही, आणि थांबण्याची गरजही नाही. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी त्याच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात : वेल खरी आहे याची खात्री करणे, आणि खरी असली तरी ती मनाने न घेणे. 'घरचीच आहे, झाडपाला आहे, त्याने काय होणार,' हे वाक्य मुलुंडच्या कोणत्याही सकाळच्या फिरणाऱ्यांच्या मंडळात ऐकू येते. त्या वाक्यातला धोका या सहा आणि ४३ रुग्णांनी दाखवून दिला आहे.

खरी गुळवेल ओळखावी कशी

प्रथम पान पाहावे. ते हृदयाकृती, पातळ आणि गुळगुळीत असते. देठ लांब असतो आणि देठाजवळ पानाला स्पष्ट खाच असते. पानाच्या मागील बाजूस बोट फिरवल्यावर मखमलीसारखी लव जाणवली, तर ती दुसरी जात असण्याची शक्यता आहे. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही याच कुळातील लवदार पानांची वेल भारतात आढळते.

खोडाची परीक्षा अधिक भरवशाची. कोवळे खोड हिरवे व रसरशीत असते. जुन्या खोडावर करड्या-तपकिरी रंगाची कागदासारखी पातळ साल येते. ती नखाने सहज सुटते आणि आत हिरवा थर दिसतो. कापल्यावर आऱ्यांचे चाक दिसले पाहिजे. क्रिस्पाचे खोड करड्या रंगाचे असून त्यावर ठळक, उठावदार गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा स्राव येतो, असे मंत्रालयाच्या सूचनापत्रात नमूद आहे. खऱ्या गुळवेलीत असा स्राव नसतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खऱ्या गुळवेलीच्या जुन्या खोडावरही श्वसनछिद्रांचे बारीक ठिपके उठून दिसतात. नवख्या माणसाला ते क्रिस्पाच्या गाठींसारखे वाटू शकतात. ठिपका आणि गाठ यांतला फरक एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

सूचनापत्रात फुले आणि फळांचीही लक्षणे आहेत. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलाला तीन. गुळवेलीची फळे गोल आणि पिकल्यावर लाल, क्रिस्पाची लांबट आणि नारिंगी. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बाल्कनीतल्या वेलीला त्याचा उपयोग क्वचितच होतो. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. नर वेलीच्या कांडीपासून वाढवलेली वेल नरच निघते आणि तिला कधीही फळ धरत नाही. मादी वेल असली, तरी जवळपास नर वेल नसेल तर फळांची आशा धरू नये. फळाची वाट पाहत बसलेल्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

चव ही कसोटी नव्हे. कडू लागते म्हणून गुळवेल, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. क्रिस्पादेखील अतिशय कडू असते. नागवेल, मनीप्लांट यांचीही पाने हृदयाकृतीच. पहाडवेल तर गुळवेलीच्याच कुळातली आहे. तिच्या पानाचा देठ कडेला न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीला जुळलेला असतो, एवढ्यावरून ती वेगळी काढता येते.

शंका राहिली, तर पाने, जून खोडाचा तुकडा आणि असल्यास फूल असा नमुना जाणकाराला दाखवणे उत्तम. मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडवरील वझे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले जाते. तेथील किंवा अन्य महाविद्यालयांतील प्राध्यापकांना एखादी फांदी दाखवण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. फोर्टमधील सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा प्रसिद्ध संग्रह आहे. मोबाइलवरील झाडे ओळखणाऱ्या सुविधांवर मात्र या बाबतीत विसंबू नये. हृदयाकृती पानांच्या वेलींत त्या सहज फसतात.

कांडी कोठून आणावी

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ओळख पटलेल्या जुन्या वेलीची कांडी मागून आणणे. मागितल्यावर नाही म्हणणारा विरळाच, कारण वेलीला छाटणी हवीच असते. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून रोप घेतल्यास ते 'गिलोय' या नावाने मिळेल. पण पाटीवरील नावावर न थांबता वर सांगितलेली परीक्षा करून घ्यावी. केंद्र सरकारचे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० साली स्थापन झाले. त्याच्या मदतीने चालणाऱ्या शासकीय व विद्यापीठांच्या रोपवाटिकांतील रोपे अधिक खात्रीची असतात.

डोंगर जवळ आहे म्हणून राष्ट्रीय उद्यानात शिरून वेल तोडून आणणे हा मार्ग नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढणे हा गुन्हा आहे. फिरायला जाणाऱ्यांपैकी काहींच्या हातात परतताना गुळवेलीचे भारे दिसतात. त्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

लावणी

कांडी बोटाएवढी जाड, सहा ते नऊ इंच लांब आणि निदान दोन-तीन पेरे असलेली असावी. फार कोवळी कांडी कुजते, फार जून कांडी फुटायला वेळ घेते. मे महिन्याची अखेर ते जुलै हा मुंबईत लावणीचा उत्तम काळ. हवेतील दमटपणा निम्मे काम करतो. कापल्यावर कांडी एक दिवस सावलीत ठेवून तिची जखम सुकू द्यावी. मग निम्मी मातीत, निम्मी वर अशी किंचित तिरपी रोवावी. खालची बाजू खालीच राहील याची काळजी घ्यावी. कापतानाच खालचे टोक तिरके आणि वरचे सरळ कापले की पुढे घोटाळा होत नाही.

माती भुसभुशीत हवी. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू अथवा कोकोपीट असे मिश्रण पुरते. कुंडी निदान बारा ते चौदा इंचांची असावी. लहान कुंडीत वेल जगते, पण खोड जाड होत नाही. आणि खोड हेच तर औषध. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत. मुंबईच्या पावसात गुळवेल पाण्याअभावी मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते. कुंडीखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच ठेवाव्यात. त्यांत डासांची पैदास होते आणि डेंग्यूच्या हंगामात महापालिकेचे कर्मचारी प्रथम त्याच तपासतात.

कोंब दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. या काळात कांडी उपटून 'मूळ फुटले का' हे पाहण्याचा मोह आवरावा. बहुतेक कांड्या आळसाने नव्हे, या उत्सुकतेने मरतात.

आधार कशाचा द्यावा

गुळवेल बांडगूळ नाही. तिची मुळे जमिनीत असतात. झाडाचा ती केवळ चढायला आधार घेते, रस शोषत नाही. तरीही ती निरुपद्रवी म्हणता येत नाही. एखाद्या लहान किंवा अशक्त झाडावर तिचा पसारा वाढला, की त्याला ऊन मिळेनासे होते आणि पावसाळी वाऱ्यात ओझ्याने फांदी मोडते.

आधार म्हणून कडुनिंब सर्वश्रेष्ठ, असे परंपरा मानते. लिंबावरची गुळवेल अधिक गुणकारी समजली जाते आणि बाजारात तिला मानही अधिक. मोकळी जागा असलेल्यांनी लिंब, आंबा किंवा शेवगा निवडावा. ज्या झाडाचा चीक किंवा पाला विषारी आहे, उदाहरणार्थ कण्हेर, त्यावर चढलेली वेल जुने जाणकार औषधाला घेत नाहीत. हा दंडक पाळण्यात काहीच तोटा नाही.

बाल्कनीत काथ्याची जाड दोरी किंवा जाळी सर्वांत सोयीची. लोखंडी ग्रिलवर वेल थेट चढवल्यास दोन अडचणी येतात. उन्हाळ्यात ग्रिल तापून कोवळे शेंडे करपतात, आणि वेलीच्या गर्दीत ओल धरून ग्रिल गंजते. शिवाय वेल शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळायला वेळ लागत नाही. सोसायटीच्या सभांतील तक्रारींत गळतीनंतर कुंड्यांचाच क्रमांक लागतो, तेव्हा दिशा आधीच ठरवून घ्यावी. पूर्व किंवा दक्षिण बाजूला चार-पाच तास ऊन मिळाले तर वेल जोमाने वाढते. अर्धवट सावलीतही ती तग धरते, मात्र खोड बारीक राहते.

वर्षभराची निगा

पावसाळ्यात वेल झपाट्याने वाढते. त्या वेळी पाणी घालू नये, फक्त शेंड्यांना वळण द्यावे. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवसाआड पाणी पुरते. हिवाळा सरता सरता पाने पिवळी पडून गळू लागतात आणि वेल अगदी उघडी दिसते. येथेच अनेक जण ती मेली समजून कुंडी रिकामी करतात. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर वेल जिवंत आहे. त्या काळात पाणी कमी करावे, खत देऊ नये. उन्हाळ्यात नवी पालवी फुटू लागली की दोन मुठी गांडूळखत देऊन पुन्हा नियमित पाणी सुरू करावे. मिठागर रोडच्या किंवा खाडीच्या बाजूला बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी त्याला खारटपणा नाही ना, हे पाहून घ्यावे. खाऱ्या पाण्याने पानांच्या कडा करपतात.

किडींचा उपद्रव थोडा. पानांना मोठी भोके दिसू लागली, तर पानाखाली दडलेली अळी शोधावी. ही अळी साधी नाही. तिचा पतंग रात्री संत्र्या-मोसंबीच्या फळांना सोंड खुपसून रस शोषतो आणि फळे गळून पडतात. विदर्भ-मराठवाड्यातील बागायतदारांना म्हणूनच बांधावरील गुळवेल आणि वासनवेल काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. मुलुंडमध्ये जिला कुंडीत जपले जाते, तीच वेल नागपूरच्या संत्राबागेच्या कडेला तण ठरते. आपल्याकडे संत्री नसल्याने अळी हाताने वेचून टाकणे पुरेसे आहे. जी वेल पोटात घ्यायची, तिच्यावर रासायनिक कीटकनाशक मुळीच फवारू नये. फार तर निंबोळी अर्क चालेल. सोसायटीत धूरफवारणी झाली असेल किंवा वेल लालबहादूर शास्त्री मार्गासारख्या वाहत्या रस्त्याच्या कडेला असेल, तर ती शोभेसाठीच ठेवावी.

काढणी आणि वापर

लावल्यानंतर वर्ष-दीड वर्षाने खोड करंगळी ते अंगठ्याएवढे जाड झाले की ते काढणीयोग्य होते. जमिनीपासून फूट-दीड फूट भाग राखून वरचा कापावा. उरलेल्या भागातून वेल पुन्हा फुटते. कापलेल्या खोडाची कागदी साल काढून तुकडे सावलीत वाळवावेत.

गुळवेलीचे सत्त्व घरी काढण्याची जुनी रीतही आहे. ताज्या खोडाचे तुकडे ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालतात, सकाळी हाताने कुस्करून गाळतात आणि पाणी निवळू देतात. तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की सत्त्व तयार. मात्र भरपूर खोडातून फारच थोडे सत्त्व निघते. बाजारातील स्वस्त आणि पांढऱ्याशुभ्र सत्त्वात दुसऱ्या स्टार्चची भेसळ असते, ती याच कारणाने. ग्रामीण भागात कोवळ्या पानांची भाजीही करतात. रानभाज्या महोत्सवांत ती हमखास दिसते.

मात्रा किती घ्यावी, हे या लेखात मुद्दाम दिलेले नाही. प्रकृती, वय आणि चालू असलेली औषधे पाहून ते नोंदणीकृत वैद्यांनी ठरवायचे असते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आयुर्वेदीय उपचारपद्धतीत गुडूची घनवटीचा समावेश होता, पण तोही ठरावीक मात्रेत. रोज सकाळी पातेलेभर काढा, तोही महिनोन्‌महिने, हा प्रकार कोणत्याही ग्रंथात सांगितलेला नाही.

ज्यांना यकृताचा विकार आहे किंवा पूर्वी कावीळ झालेली आहे, ज्यांना संधिवात, ल्युपस यांसारखा ऑटोइम्यून विकार किंवा थायरॉईडचा त्रास आहे, ज्यांना अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. गर्भवती व स्तनदा मातांनीही टाळावी. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण गुळवेल रक्तातील साखर उतरवू शकते. सेवन सुरू असताना भूक मंदावली, मळमळ किंवा फार थकवा जाणवू लागला, लघवी गडद झाली अथवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी सेवन बंद करावे, डॉक्टरांना गाठावे आणि गुळवेल घेत होतो हे न लपवता सांगावे. शक्य असल्यास त्या वेलीची पानासह एक फांदी सोबत न्यावी. मुंबईतील त्या सहा रुग्णांच्या बाबतीत पुढे सर्वाधिक वाद झाला तो याच एका प्रश्नावर, की त्यांनी घेतलेली वेल नेमकी कोणती होती.

शहापूरची कथा

मुलुंडला जी कुंडीतली हौस आहे, ती कसारा मार्गावरील आसनगाव स्थानकाजवळच्या शहापूरला उपजीविका झाली आहे. तेथील कातकरी समाजाच्या तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत जंगलातील गुळवेल गोळा करून विकण्यास सुरुवात केली. केंद्राच्या वनधन योजनेचे साहाय्य मिळाल्यावर या कामाने वेग घेतला. डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी संस्थेला मिळाल्याचे मार्च २०२१ मध्ये सरकारतर्फे सांगण्यात आले. ज्या समाजाला वर्षातील कित्येक महिने वीटभट्ट्यांवर स्थलांतर करावे लागते, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही. जंगलात लहानपणापासून वावरलेल्या या मंडळींना वेल ओळखायला चाक किंवा पाकळ्या मोजाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात उपनगरांत स्थानकाबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी भगिनींना एखादी फांदी दाखवून विचारले, तर ती गुळवेल आहे की नाही, याचे उत्तर पटकन मिळू शकते.

सोसायटीच्या झाडावर वेल फार माजली असेल, तर ती उतरवताना झाडाच्या फांद्यांना हात लावू नये. फांदी छाटायची झाल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि महापालिकेची परवानगी लागते. मुलुंडकरांनी त्यासाठी टी विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा. वेल बुंध्यापाशी नुसती तोडून भागत नाही. वर लोंबणारे तुकडे ओढून काढावे लागतात, नाही तर पुढच्या पावसाळ्यात त्यांचेच धागे पुन्हा जमिनीपर्यंत येतात. काढलेले तुकडे कचऱ्यात न टाकता ओळख पटवून इच्छुकांना कांड्या म्हणून वाटता येतील. वाटताना प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी तेवढी खोचावी, म्हणजे घर बदलले, माणसे बदलली, तरी कुंडीत काय आहे हे पुढच्याला कळेल.